नकार कागदावर द्या

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत उभे राहून निराधारांच्या आणि दिव्यांगांच्या हक्कांविषयी बोलायचे, तर मांजरा नदीच्या पलीकडे पाहावेच लागते. येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणा लागतो. सोयरिकी दोन्ही तीरांवर आहेत, बाजार दोन्हीकडचा आहे, मराठी आणि तेलुगू एकाच ओसरीवर ऐकू येतात. त्यामुळे पलीकडच्या म्हाताऱ्याच्या हातात दरमहा किती रुपये पडतात, हे अलीकडच्या म्हाताऱ्याला पाठ असते. तेलंगणाने २०१४ मध्ये ‘आसरा’ निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा तिकडे वृद्धांना आणि विधवांना १,००० रुपये व दिव्यांगांना १,५०० रुपये मिळू लागले. आपल्याकडे तेव्हा ६०० रुपये होते. २०१९ मध्ये तिकडे २,०१६ आणि ३,०१६ झाले, इकडे १,०००. २०२३ मध्ये तिकडच्या दिव्यांगाला ४,०१६ रुपये झाले, इकडे १,५००. या काळात धर्माबाद, बिलोली, देगलूर, नायगाव या पट्ट्यातील गावांतून तेलंगणात सामील होण्याची मागणी उठली. २०१८ मध्ये ती उठली, २०१९ मध्ये लोकांचे शिष्टमंडळ थेट तिकडच्या मुख्यमंत्र्यांना भेटले आणि २०२२ च्या अखेरीस ती पुन्हा ऐकू आली. शेतीचे अनुदान, वीज, पाणी, रस्ते ही त्या मागणीची मोठी कारणे होती, आणि निवृत्तिवेतन हेही एक ठळक कारण होते.

त्या मागणीतली रक्कम सगळ्यांनी ऐकली. मुंबईतही ती ऐकली गेली. परंतु मराठवाड्यातल्या कोणत्याही तहसील कार्यालयापुढच्या निराधारांच्या धरण्यात रकमेइतकीच जुनी अशी दुसरी एक तक्रार असते, आणि ती कोणी नीट ऐकलेली नाही. अर्ज दिला, त्याचे काय झाले ते कोणी सांगत नाही. पगार, म्हणजे दरमहाचे अनुदान, बंद झाला, का झाला ते कोणी सांगत नाही. ‘कमिटी बसली नाही’, ‘साइट बंद आहे’, ‘वरून आलं नाही’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’, ‘पुढच्या सोमवारी या’ ही उत्तरे तोंडी दिली जातात आणि तोंडीच विरून जातात. आजच्या व्याख्यानात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ज्या प्रौढ माणसाला वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे आधाराची गरज आहे, त्याच्यावर आपली स्थानिक कार्यालये करत असलेला सर्वांत मोठा अन्याय म्हणजे ती त्याला लेखी नकार देत नाहीत. नकार कागदावर नाही म्हणून त्याविरुद्ध अपील नाही. अपील नाही म्हणून तक्रारीची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून शासनाच्या लेखी तक्रारच नाही.

आधी व्यवस्था कशी चालते ते पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. पासष्ट वर्षांखालील निराधार, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराने ग्रासलेले यांच्यासाठी ही योजना आणि पासष्टच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. त्यांच्या जोडीला केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना आहे. तिच्यात साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयेच राहिला आहे. अर्ज तहसील कार्यालयात जातो. तलाठ्याचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, दिव्यांगाच्या बाबतीत किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र अशी कागदांची चळत जमवावी लागते. मंजुरी तालुक्याच्या समितीकडून मिळते. तिचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांनी सुचवलेला असतो आणि तहसीलदार सदस्य-सचिव असतात. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अलीकडे पैसे आधार जोडलेल्या खात्यात थेट जमा होतात, म्हणजे अंगठ्याचे ठसे झिजलेल्या मजुरापुढे आणखी एक दार उभे राहते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी नांदेड गाठायचे तर बिलोलीहून सत्तरेक किलोमीटरचा प्रवास आहे. चालता न येणाऱ्या माणसासाठी तो किती लांब असतो, हे अंतराच्या आकड्यातून कळत नाही. सोबत एक धडधाकट माणूस लागतो आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

या साखळीत किमान सहा ठिकाणी अर्ज अडू शकतो. तो अडला तर कुठे अडला हे अर्जदाराला समजण्याची खात्रीशीर सोय मात्र एकाही ठिकाणी नाही. समितीची बैठक लांबली, तर अर्ज नाकारला गेलेला नसतो आणि मंजूरही झालेला नसतो. असा लोंबकळणारा अर्ज कार्यालयाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचा असतो, कारण त्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर पडत नाही. नियमानुसार अपात्र ठरवलेल्या माणसाला निदान आपण का अपात्र ते कळते. लोंबकळत ठेवलेला माणूस हेलपाटे घालत राहतो, आणि हेलपाटे घालून थकलेला माणूस यायचा थांबला की प्रकरण आपोआप निकाली निघते. दप्तरात त्याच्यावर झालेल्या अन्यायाची एक ओळही उरत नाही.

असे असेल तर लोक तक्रार का करत नाहीत, असा प्रश्न अधिकारी विचारतात. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मला उत्पन्नाच्या मर्यादेत सापडते. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल तर निराधार आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंतच असावे लागते. दिव्यांगांसाठी ती मर्यादा पुढे ५०,००० झाली, इतरांसाठी २१,००० निदान पंधरा वर्षे जागची हललेली नाही. तिचा हिशेब करून पाहा. २१,००० म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. रोजगार हमीवर २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कुटुंबातल्या एकाच माणसाने ६८ दिवस हमीचे काम केले तर २१,२१६ रुपये होतात आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. कायदा निदान शंभर दिवसांच्या कामाची हमी देतो आणि त्याच शासनाची दुसरी योजना सांगते, की ती हमी पुरी वापरलीत तर तुमच्या आईचे अनुदान गेले. तेव्हा उत्पन्नाचा खरा दाखला घेऊन क्वचितच कोणी पात्र ठरू शकतो. तलाठ्याला हे माहीत असते, नायब तहसीलदारांना माहीत असते, समितीला माहीत असते. सगळ्यांच्या संमतीने एक खोटा आकडा कागदावर येतो, पण तो सही करणाऱ्या लाभार्थ्याच्या नावावर राहतो. आता या माणसाने तक्रार करायची म्हटले तर पहिला प्रश्न येणार, ‘तुझे उत्पन्न खरेच एकवीस हजार आहे का?’ अशक्य मर्यादा घालून आपण प्रत्येक गरजवंताला आधीच गुन्हेगार करून ठेवतो, आणि गुन्हेगाराला फिर्यादी होता येत नाही. मला ही मर्यादा केवळ कंजूष वाटत नाही, ती माणसाचे तोंड बंद करणारी आहे. तिच्याविरुद्ध बोलायला हवे ते मुख्यतः याच कारणासाठी.

दुसरे कारण मंजुरीच्या पद्धतीत आहे. समिती राजकीय नेमणुकीची. मंजुरीपत्रांचे वाटप अनेकदा कार्यक्रम घेऊन, मंडप घालून, हार-तुरे देऊन होते. त्यामुळे अनुदान हक्काचे न राहता कोणाच्या तरी कृपेने मिळालेले वाटू लागते. ‘अमक्यांनी माझा पगार चालू करून दिला’ असे लोक मनापासून म्हणतात आणि त्यांच्या भावनेत खोट नाही. पण ज्याने चालू करून दिला तो बंदही करू शकतो, हे त्या वाक्याच्या मागे उभे असते. ज्या भूमीत, याच तालुक्यातल्या अर्जापूरच्या परिसरात, १९४६ मध्ये हैदराबाद मुक्तिलढ्यात गोविंदराव पानसरे हुतात्मा झाले, तिथे १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीनंतर माणूस सरकारपुढे नागरिक म्हणून उभा राहणार होता. घटनेच्या ४१ व्या कलमाने म्हातारपण, आजारपण आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. अकराव्या अनुसूचीने अपंगांच्या कल्याणाचा विषय पंचायतींच्या कक्षेत आणला, बाराव्या अनुसूचीने तो नगरपालिकांच्या कक्षेत आणला. तेव्हा ‘हे आमचे काम नाही, तहसीलचे आहे’ असे नगर परिषदेने किंवा ग्रामपंचायतीने म्हणण्याला घटनेचा आधार नाही.

इथे पाच टक्के निधीचा विषय येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील ठरावीक वाटा दिव्यांगांसाठी खर्चावा, हा नियम महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी तो तीन टक्के होता, २०१६ च्या कायद्यानंतर पाच टक्के झाला. या निधीसाठी राज्यभर आंदोलने झाली, बच्चू कडू यांच्या ‘प्रहार’ संघटनेची तर जिल्ह्याजिल्ह्यांत झाली, आणि ती झाली नसती तर अनेक ग्रामपंचायतींना हा नियम आहे हेही आठवले नसते. परंतु कोरडवाहू मराठवाड्यातल्या लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न किती? समजा घरपट्टी-पाणीपट्टी मिळून दोन लाख वसूल झाले, तर दिव्यांगांचा वाटा दहा हजार. गावात वीस दिव्यांग असतील तर वर्षाला डोईला पाचशे रुपये. बहुतेक ठिकाणी ते समान वाटले जातात, वाटपाचे छायाचित्र निघते, खर्च पडतो. समान वाटप न्यायाचे दिसते. पण कमी ऐकू येणाऱ्या दुकानदाराला पाचशे आणि मानेखाली लुळे पडलेल्या तरुणालाही पाचशे, यात न्याय कुठे आहे? पात्रतेची यादी झाली, गरज कोणीच विचारली नाही.

गरज विचारणे ही दयाबुद्धीची गोष्ट नाही, ती कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचे ३८ वे कलम सांगते की ज्या दिव्यांगाला दैनंदिन जगण्यासाठी अधिक प्रमाणात आधार लागतो, तो किंवा त्याच्या वतीने कोणीही तसा आधार मिळावा म्हणून अर्ज करू शकतो. त्या अर्जावर मूल्यांकन मंडळाने त्याच्या गरजा तपासायच्या आणि प्राधिकरणाने आधार पुरवण्याची पावले उचलायची. २४ व्या कलमात अशा व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, की दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनांत इतरांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी. आपल्याकडे संजय गांधी योजनेत दिव्यांगाला आणि इतरांना तीच रक्कम मिळत राहिली. १,५०० असताना ती निदान १,८७५ व्हायला हवी होती. दिव्यांगांसाठी वेगळी वाढ होऊन २,५०० रुपये झाले ते ऑक्टोबर २०२५ पासून, कायदा लागू झाल्यावर आठ वर्षांहून अधिक काळाने, आणि त्याआधी जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांना अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला अन्नत्याग करावा लागला. ही आठ वर्षे हासुद्धा एक न लिहिलेला नकारच होता. ‘आम्ही २४ वे कलम पाळू शकत नाही’ असे कुणी लिहून दिले असते तर कुणी तरी न्यायालयात गेले असते.

प्रत्यक्ष गरज कशी असते ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण योजनांच्या भाषेत ती दिसत नाही. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पन्नाशीतल्या शेतमजुराचा विचार करा. त्याला दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या जखमाच पुढे जीव घेतात. त्याला शौचाला न्यावे लागते, आंघोळ घालावी लागते, लघवीची नळी असेल तर ती वेळेवर बदलावी लागते. हे सगळे त्याची बायको करते, आणि ती करते म्हणून तिला कामाला जाता येत नाही. घरातली एक नव्हे, दोन माणसांची मजुरी थांबते. किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या तिशीतल्या मुलीचा विचार करा, जिची आई सत्तरीला टेकली आहे. अठरा वर्षांची झाल्याबरोबर ती शाळेच्या आणि बालकांच्या योजनांतून बाहेर पडली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाप्रमाणे तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचे काम जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे असते, पण ही समिती आहे हे आईला सांगायचे कोणी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या कितींना अशी रोजची मदत लागते हे प्रत्येक गावात आशा कार्यकर्तीला ठाऊक असते. ते लिहून घेण्याचा रकाना मात्र गावच्या कोणत्याच नमुन्यात नाही.

केरळने हा रकाना तयार केला. २००८ मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचे, म्हणजे बरे न होणाऱ्या आणि खिळून पडलेल्या रुग्णांच्या काळजीचे धोरण स्वीकारले आणि ते काम ग्रामपंचायतींकडे दिले. पंचायतीच्या पैशातून नेमलेली परिचारिका घरोघर जाते, जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. पूर्णवेळ काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून महिन्याला ६०० रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे आणि तिथेही ती थकल्याच्या तक्रारी होतात. पण तक्रार करणाऱ्या बाईचे नाव पंचायतीच्या वहीत आहे, म्हणून तिची थकबाकी मोजता येते. आपल्याकडच्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप मनुष्यबळाचा. तहसीलमध्ये एक नायब तहसीलदार, दोन-तीन कारकून, हजारो लाभार्थी, त्यात निवडणुका, पीकविमा, अतिवृष्टीचे पंचनामे. प्रत्येक अर्जाला लेखी उत्तर कुठून द्यायचे? ही अडचण खरी आहे आणि रिकाम्या पदांचा दोष खिडकीवर बसलेल्या कारकुनाला देणे चुकीचे आहे. परंतु शासनाला मनात आणल्यावर काय जमते हे आपण २०२४ मध्ये पाहिले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलैमध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या आधी एक कोटीहून अधिक स्त्रियांच्या खात्यात पैसे पोचले. रक्कम तीच, १,५०० रुपये. उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणजे निराधारांच्या मर्यादेच्या जवळजवळ बारा पट. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला नाही. अंगणवाडी सेविकांनी अर्ज भरून घेतले, आधी विश्वास ठेवला, पडताळणी नंतर केली. त्या स्त्रियांना पैसे मिळाले याचा मला आनंद आहे. माझा प्रश्न एवढाच, की जे शासन धडधाकट नागरिकावर आधी विश्वास ठेवते, ते अंथरुणाला खिळलेल्या नागरिकाकडे आधी संशयाने का पाहते? मनुष्यबळ तेच, जिल्हे तेच, संगणकही तेच होते.

दुसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. तो मी टाळणार नाही. खोटी प्रमाणपत्रे निघतात, मृताच्या नावे पैसे उचलले जातात, सधन माणसाचे वडील यादीत असतात. हे पैसे गरिबाच्याच ताटातून जातात. पण तोंडी कारभाराने बोगस माणूस अडत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी बोललेले असते. तोंडी कारभारात अडतो तो ज्याच्यासाठी बोलायला कोणी नाही तो. मंजुरी आणि नामंजुरी, दोन्हींची कारणे लिहिली, गावच्या फलकावर लावली आणि ग्रामसभेत वाचली, तर बोगस नाव गावापासून लपत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या संस्कृतीच्या नावाने येतो. आईबापांना सांभाळणे मुलांचे कर्तव्य आहे, ते सरकारवर का टाकायचे? आपल्या शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने या भावनेला नियमाचे रूप दिले. आईवडिलांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते आईवडिलांच्या खात्यात भरायचे, असा ठराव तिने २०२० मध्ये केला. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यांत शिक्षकही होते, आणि काहींची कपात खरोखर सुरू झाली. त्या ठरावाचे देशभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण या उदाहरणाचा अर्थ मी वेगळा लावतो. त्या म्हाताऱ्या आईबापांना न्याय मिळाला, कारण तक्रार कुठे करायची हे ठरले होते, ती लेखी घेतली गेली, चौकशी झाली आणि निर्णयाचा कागद निघाला. जिल्हा परिषद नोकरदार मुलाविरुद्धची तक्रार अशी ऐकू शकते, तर स्वतःविरुद्धची तक्रार तशीच ऐकायला तिला काय हरकत आहे? शिवाय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने मुलांवर निर्वाहाचे बंधन घातले आणि त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याचे न्यायाधिकरण दिले, तसेच प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्याने उभारण्याची तरतूद केली. मुले आणि राज्य, कायद्यात दोघेही आहेत. आणि ज्या मुलाची स्वतःची मजुरी आईच्या उशाशी बसून बुडते आहे, तो मुलगा कर्तव्य चुकवत नाही. त्याचे पाठबळ काढून घेऊन त्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करणारे आपण चुकतो आहोत.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. २४ व्या कलमातही ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत. नगर परिषद म्हणेल, आमच्याकडे परिचारिका नेमायला पैसा नाही, मग गरज लिहून घेऊन काय उपयोग? माझे म्हणणे असे, की पैसा नसेल तर नेमके तेच लिहा. ‘या व्यक्तीला दिवसातून दोन वेळा उठवण्या-बसवण्याची मदत लागते, परिषदेकडे तशी सोय नाही’ एवढे दोन ओळींचे उत्तर, खाली तारीख, नाव, सही. हा नकारच आहे, पण त्याने तीन गोष्टी घडतात. अर्जदाराला अपील करता येते. गावागावांतली अशी उत्तरे एकत्र केली की तालुक्याला किती परिचारिका लागतील याचा पहिला खरा आकडा हाती येतो. आणि अर्थसंकल्पाच्या वेळी आमदाराला बोलायला पुरावा मिळतो. आज गरज कागदावर नाही म्हणून तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून कोणी गरज विचारत नाही.

लेखी नकाराने साचेबंद उत्तरांचे ढीग तयार होतील, ‘निकषांत बसत नाही’ असा शिक्का मारला जाईल, अशीही शंका घेता येते. इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे प्रौढांच्या काळजीची जबाबदारी स्थानिक कौन्सिलकडे आहे आणि २०१४ च्या कायद्याने, ज्याला गरज असल्याचे दिसते त्या प्रत्येकाच्या गरजांची पाहणी करणे कौन्सिलला बंधनकारक केले. तिथेही लोक महिनोन् महिने ताटकळतात, कौन्सिले हात आखडतात, साचेबंद उत्तरे देतात. पण स्थानिक शासनासाठीच्या लोकपालाकडे हे निर्णय जातात, त्याने सविस्तर तपासलेल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक ग्राह्य ठरतात, आणि निकाल कौन्सिलच्या नावासह प्रसिद्ध होतात. शिक्का मारलेला कागदसुद्धा तपासता येतो, हा तिथला धडा. आपल्याकडे साधने कमी नाहीत. महाराष्ट्राने लोकायुक्तांचा कायदा १९७१ मध्येच केला. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ ने अधिसूचित सेवांबाबत मुदत, लेखी कारण, तीन अपिले आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड ही सगळी रचना दिली. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या २३ व्या कलमाप्रमाणे, नोकरीतील भेदभावाच्या तक्रारींसाठी का होईना, प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी हवा, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि दोन आठवड्यांच्या आत चौकशी करायची. समाधान झाले नाही तर जिल्हा समितीकडे जाता येते, आणि राज्य आयुक्त पुण्यात आहेतच. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वावरता येईल असे करायला सांगितले होते. ती मुदत २०२२ मध्ये संपली. ज्या कार्यालयाचा जिनाच चढता येत नाही तिथली नोंदवही कितीही चांगली असली तरी ती वरच्या मजल्यावर असून चालणार नाही.

राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा आणि जिल्हा परिषदा २०२२ च्या सुमारास प्रशासकांच्या हाती गेल्या. तेव्हापासून गावकऱ्याला तिथे विचारायला लोकप्रतिनिधीही नव्हता. नगर परिषदांच्या निवडणुका अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. आता बिलोली आणि कुंडलवाडीच्या परिषदांपुढे एक ठराव मांडता येईल, आणि त्याला शासनाच्या परवानगीची गरज नाही. आधाराची गरज सांगणाऱ्या प्रत्येक प्रौढ नागरिकाचा अर्ज, मग तो तोंडी असला तरी, परिषदेच्या कर्मचाऱ्याने लिहून घ्यावा, पोच द्यावी आणि ठरावीक दिवसांत ‘हो’ किंवा ‘नाही’ कारणासह लिहून द्यावे. विषय तहसीलचा असेल तर परिषदेने तो स्वतः पाठवावा, त्या माणसाला पाठवू नये. कोणाला घराबाहेर पडता येत नसेल तर कर्मचाऱ्याने घरी जावे. २३ व्या कलमातल्यासारखी नोंदवही तळमजल्यावर ठेवावी आणि दर तिमाहीला किती अर्ज आले, किती नाकारले, किती अनुत्तरित राहिले हे सभेत वाचावे. ग्रामपंचायतींनी हेच वाचन ग्रामसभेत करावे, आणि पाच टक्के निधीचे वाटप त्या वाचनानंतर, गरजेच्या क्रमाने करावे. पहिल्या वर्षी नाकारलेल्यांचा आकडा मोठा निघेल आणि तो वाचताना सदस्यांना संकोच वाटेल. तो तसाच वाचला जावा, इतिवृत्तात यावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी.